सकाळी दहाला ‘आजची वेळ संपली’: वाचनालयातल्या संगणकांच्या बुकिंगचा रोजचा घोळ

लक्षण नेहमीचं आहे. वाचनालय उघडून पाच-दहा मिनिटं झाली, पहिल्या पाळीचं बुकिंग असलेली मुलगी संगणकासमोर बसली, सभासद क्रमांक टाकला, पिन टाकला, आणि पडद्यावर आलं की तुमची आजची वेळ संपली आहे. आज तर ती आत्ताच येऊन बसली आहे. काउंटरवरचे काका ॲडमिनच्या पानावर जाऊन तिला हातानं साठ मिनिटं देतात, काम सुरू होतं, आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हेच. मग कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी म्हणतं, काढून टाका ते सॉफ्टवेअर, वहीच बरी होती.

वही बरी नव्हती, पण त्याकडे नंतर येऊ. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत पाच-सात संगणक लोकांसाठी ठेवले, की जे प्रश्न येतात त्यांतल्या बहुतेकांची मुळं एकाच ठिकाणी सापडतात. ही सॉफ्टवेअरं असं धरून चालतात की यंत्र रात्रभर चालू आहे, वीज जात नाही आणि घड्याळ बरोबर आहे. आपल्याकडे शेवटी जाणारा माणूस मेन स्विच पाडून कुलूप लावतो. त्यात चूक काही नाही, वायरिंग जुनं असलेल्या इमारतीत तर तेच करावं. बदल करायचा तो सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये.

अशा कामासाठी लिबकी नावाची मुक्त स्रोत प्रणाली आहे. पैसे लागत नाहीत, सर्व्हर, म्हणजे बुकिंगचा हिशेब ठेवणारा मुख्य संगणक, लिनक्सवर चालतो, लोकांचे संगणक विंडोजचे असले तरी चालतात, आणि ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालय-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर असेल तर सभासदांची ओळख तिथूनच पडताळता येते. पुढचं बरंचसं तिच्या रचनेला धरून लिहिलं आहे. दुसरी प्रणाली असली तरी दुखणं बहुतेक तेच निघेल.

निरोप कोणाचा आहे?

‘वेळ संपली’ ही तक्रार आली की आधी स्वतः जाऊन पडदा बघा. लोक दोन वेगळ्या गोष्टींना तेच म्हणतात. संपूर्ण पडदा झाकून निरोप आला असेल तर तो आपल्या बुकिंग प्रणालीचा. ब्राउझरच्या खिडकीच्या आत ‘सेशन एक्स्पायर्ड’ आलं असेल तर ते महाडीबीटीचं, सीईटी कक्षाचं किंवा जो कोणता अर्ज भरणं चाललंय त्या संकेतस्थळाचं आहे. काही मिनिटं काही टाइप झालं नाही की ती बाहेर काढतात. ओटीपी ज्या फोनवर येणार तो वडिलांकडे, वडील शेतात, आणि तेवढ्यात पान मेलं, हे रोजचं आहे. यावर आपल्या सर्व्हरमध्ये काही दुरुस्त करण्यासारखं नाही. बुकिंग घेतानाच विचारायचं: ओटीपीचा फोन जवळ आहे का, आणि फोटो व सही मागितलेल्या आकारात करून आणली आहे का. निम्मा वेळ फोटोचे केबी कमी करण्यात जातो, आणि ते काम बुकिंगच्या वेळेआधी फोनवरही उरकता येतं.

रात्री बाराचं काम

आता खरोखर आपल्या प्रणालीचाच निरोप आहे असं धरू. तो कोणाला येतो ते पाहा. आधीच्या दिवसांत ज्यांनी मिनिटं पूर्ण वापरली त्यांनाच अडतंय, आणि नवीन सभासद किंवा थोडाच वेळ बसून गेलेले सुरळीत आत जातात, असं असेल तर निदान जवळपास झालंच. आणखी एक खूण: मधूनच एखाद्या दिवशी सगळं आपोआप ठीक असतं. आदल्या रात्री सर्व्हर बंद करायचा राहिला होता का ते विचारा. बहुधा राहिलेला असतो.

घडतं ते असं. प्रत्येकाच्या खात्यात रोजची ठरावीक मिनिटं असतात. कोणी बसलं की सर्व्हर दर मिनिटाला एक मिनिट वजा करतो, आणि रात्री एक वेगळं काम सगळ्यांची मिनिटं पुन्हा भरतं. हे रात्रीचं काम लिनक्सच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, साधारण मध्यरात्रीचं लावलेलं असतं. मध्यरात्री आपला सर्व्हर बंद. आणि क्रॉन चुकलेलं काम दुसऱ्या दिवशी भरून काढत नाही. दूधवाल्याला दाराला कुलूप दिसलं तर तो पुढच्या दिवशी दोन दिवसांचं दूध घालत नाही, तसंच.

यावर सहज सुचणारे दोन उपाय आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. पहिला, कामाची वेळ बदलून सकाळी पावणेदहा करणं. सर्व्हर रोज साडेनऊलाच सुरू होत असेल तर चालेल, पण किल्ली असलेला माणूस ज्या दिवशी दहा वाजता पोचतो त्या दिवशी पुन्हा तेच. दुसरा, क्रॉनमध्ये ‘@रीबूट’ लिहून सर्व्हर सुरू झाला की काम करायला सांगणं. हा आठवडाभर उत्तम चालतो. मग एका दुपारी वीज जाते, सर्व्हर पुन्हा चालू होतो, सगळ्यांची मिनिटं पुन्हा भरतात, आणि सकाळी तास वापरून झालेली मंडळी दुसरा तास मागायला हजर. हे कळायला कोणाला फार वेळ लागत नाही. मेन स्विचजवळ रेंगाळणारी पोरं दिसू लागली तर समजा की ‘@रीबूट’चं रहस्य फुटलं.

यासाठी ॲनाक्रॉन आहे. तो शेवटी काम कोणत्या तारखेला झालं ते लिहून ठेवतो आणि यंत्र केव्हाही सुरू झालं तरी त्या दिवसाचं काम एकदाच करतो. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत तो आधीपासून नसतो, बसवून घ्यावा लागतो. मग मिनिटं भरणाऱ्या आज्ञेची एक छोटी स्क्रिप्ट रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये, म्हणजे ‘/etc/cron.daily’त ठेवायची, तिला चालवण्याची परवानगी द्यायची, आणि जुनी मध्यरात्रीची ओळ क्रॉनमधून काढून टाकायची. दर मिनिटाची ओळ मात्र तशीच राहू द्या. ती उडवली तर कोणाचीच वेळ कधी संपणार नाही.

इथे तीन जागी माणसं अडकतात. स्क्रिप्टच्या नावात टिंब असेल, उदाहरणार्थ शेवटी ‘.एसएच’ किंवा ‘.पीएल’ असं शेपूट, तर डेबियन आणि उबुंटू ती फाइल काही न बोलता वगळतात. नाव बिनटिंबाचं ठेवा. दुसरं, रोजची कामं सर्व्हर सुरू होताक्षणी होत नाहीत, मूळ सेटिंगमध्ये पाचेक मिनिटांचा उशीर असतो, म्हणून दार उघडण्याआधी थोडा वेळ सर्व्हर चालू करा. तिसरं जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर केलेल्यांसाठी: डेबियन-उबुंटूत यंत्र बॅटरीवर असताना ॲनाक्रॉन मुळात चालतच नाही. सकाळी वीज नसताना लॅपटॉप सुरू केला तर काम वीज येईपर्यंत थांबतं, आणि मग कोणी म्हणतं, ॲनाक्रॉन बसवूनही फरक पडला नाही.

घड्याळ

वरचं सगळं करूनही दहाचं बुकिंग दहाला उघडत नसेल, किंवा भलत्याच वेळी संगणक अडकवून ठेवला जात असेल, तर सर्व्हरचं घड्याळ बघा. पण कसं बघता ते महत्त्वाचं. इंटरनेट जोडलेलं असताना पाहिलंत तर ते बरोबरच दिसेल. नेटची केबल काढा, सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि मग वेळ वाचा.

मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा तीन व्होल्टचा बटणासारखा सेल संपला की वीज नसताना घड्याळ चालत नाही. विंडोजच्या संगणकावर तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसते, त्यामुळे निदान लक्षात तरी येतं. उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत ही गोष्ट लपते. तिथली वेळ जुळवणारी सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर नोंदवून ठेवते आणि सुरुवातीला तिथून पुढे मोजू लागते. म्हणजे सकाळी दहाला सर्व्हर सुरू केला तर नेट येईपर्यंत त्याच्या लेखी काल संध्याकाळचे पावणेआठ वाजलेले असतात. आजची बुकिंगं अजून यायची आहेत, आणि ॲनाक्रॉनच्या लेखी आजचं काम झालेलं आहे. राउटरला जोडणी घ्यायला वेळ लागला की हा घोळ, पटकन जोडला गेला की काही नाही. म्हणून तो कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि कोणी बोलावलेला तंत्रज्ञ येतो तेव्हा तर हमखास दिसत नाही.

सेल बदला, तो कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बदलल्यावर बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तारीख लावा, आणि तिथेच वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं की नाही ही सेटिंगही पाहून घ्या. रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डाच्या संगणकावर सर्व्हर चालवत असाल तर पाय 4 आणि त्याआधीच्या बोर्डांवर चालतं घड्याळ मुळातच नाही. घड्याळाचा वेगळा छोटा भाग जोडावा लागतो.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर सेलला दोष देऊ नका. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. दोघांपैकी एकाला समजावा. किंवा टाइमझोन कोलकाता करायचा राहून गेला असेल.

लोकांच्या संगणकांचं घड्याळ चुकलं तर बुकिंग बिघडत नाही, कारण मिनिटं सर्व्हर मोजतो. बिघडतात संकेतस्थळं: सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ किंवा ‘मुदत संपली’ असं म्हणून ब्राउझर पान उघडत नाही, आणि तक्रार ‘नेट बंद आहे’ अशी येते. विंडोजचं यंत्र डोमेनला, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती विंडोज नेटवर्कला, जोडलेलं नसेल आणि फरक 15 तासांहून जास्त असेल, तर विंडोजची वेळेची सेवा तो आपणहून दुरुस्त करत नाही. आधी हातानं तारीख जवळपास आणा, मग जुळवणीचं बटण दाबा.

वीज गेली आणि आली

मधेच वीज गेली की वेगळीच तक्रार: ‘तुम्ही दुसऱ्या संगणकावर आधीच बसलेले आहात.’ सर्व्हर यूपीएसवर किंवा लॅपटॉपच्या बॅटरीवर जिवंत राहिला, समोरचे संगणक गेले. सर्व्हरला वाटतं माणूस बसलेलाच आहे. तो त्याची मिनिटं कापत राहतो आणि दुसरीकडे बसू देत नाही. संगणकाशी संपर्क तुटल्यावर किती मिनिटांनी त्याची पाळी मिटवायची, ही सेटिंग शोधा आणि दोन-तीन मिनिटांवर आणा. शून्य करू नका, नाहीतर नेटवर्कच्या एका हिसक्यात सगळे बाहेर फेकले जातील. काउंटरवरच्या व्यक्तीला ॲडमिनमधून एखाद्याला हातानं बाहेर काढणं आणि कापलेली मिनिटं परत देणं, एवढं आलंच पाहिजे.

आणि नेटवर्क स्विच कुठल्या प्लगवर आहे ते बघा. सर्व्हरला यूपीएस असतो, संगणकांना असतो, आणि कोपऱ्यातला तो छोटा स्विच भिंतीच्या साध्या पॉइंटवर. वीज गेली की पडदे चालू, पण सर्व्हरशी कोणाचंच बोलणं नाही.

सकाळचे अपडेट

सार्वजनिक संगणक प्रत्येक रीस्टार्टला मूळ स्थितीत यावेत म्हणून डीप फ्रीझसारखं काही बसवलेलं असेल तर ते योग्यच आहे. पण त्यातून एक दुष्टचक्र सुरू होतं. विंडोजचं आणि व्हायरस संरक्षणाचं अपडेट सकाळी उतरतं, संध्याकाळी यंत्र बंद झालं की पुसलं जातं, आणि उद्या सकाळी सगळ्या यंत्रांवर तेच पुन्हा उतरायला लागतं. पहिल्या पाळीला नेट रडत का चालतं याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. अपडेटची वेळ रात्री लावण्याचा सल्ला सगळीकडे मिळेल, तो आपल्या कामाचा नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी किंवा दुपारच्या बंद वेळेत हे गोठवणं तात्पुरतं उठवून सगळी यंत्रं अद्ययावत करा आणि परत गोठवा. त्याच वेळी मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि लागणारे फॉन्ट बसवून घ्या, म्हणजे रोज कोणाला तरी ते शोधत बसावं लागणार नाही.

विंडोज 10चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि काही अपवाद सोडता इंटेलच्या आठव्या पिढीआधीची यंत्रं विंडोज 11च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा यंत्रांवर लोक फक्त ब्राउझर वापरत असतील तर लिनक्स मिंट टाकायला हरकत नाही. लिबकीचा क्लायंट, म्हणजे लोकांच्या संगणकावर बसणारा भाग, लिनक्ससाठीही आहे. बोटाचा ठसा घेणारं यंत्र जोडलेला संगणक मात्र विंडोज 11वरच ठेवावा असं माझं मत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर मंडळी येतात, तेव्हा त्या यंत्राच्या चालकसॉफ्टवेअरशी झटापट करायला वेळ नसतो.

एका खुर्चीवर दोन जण

आता वही. एकाच वेळेसाठी दोघांना होकार गेला असेल तर कुठल्याही सर्व्हरची चूक नसते. एक बुकिंग वहीत, एक फोनवर सांगितलेलं, एक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘मला पण ठेवा’ असं. वही ठेवायचीच असेल तर वीज नसतानाच्या नोंदींसाठी ठेवा आणि वीज आली की त्या नोंदी प्रणालीत चढवा. फोनवर कोणी विचारलं तर काउंटरवरच्या माणसानं पडद्यावर टाकूनच हो म्हणायचं. ‘बघतो, येऊन जा’ हे उत्तर बंद.

बुकिंग शक्यतो संगणकाचं नको, वेळेचं असू द्या: अकराला या, जो रिकामा असेल तो मिळेल. चार नंबरचा कीबोर्ड बिघडला की चार नंबरचं बुकिंग असलेला माणूस वादाला उभा राहतो, हे त्यानं टळतं. नंबरानं बुकिंग फक्त स्कॅनर किंवा ठशाचं यंत्र जोडलेल्या संगणकाचं. दहा मिनिटं वाट पाहून जागा दुसऱ्याला द्या, आणि ही सूट प्रणालीतच नोंदवा. काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर सोडली की ओळखीच्यांना अर्धा तास आणि अनोळखींना पाच मिनिटं असं होतं. सगळे संगणक बुकिंगला देऊ नयेत, एक-दोन आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी मोकळे हवेत. अकरावीच्या प्रवेशाच्या किंवा एखाद्या भरतीच्या शेवटच्या तारखेला पाळी लहान करण्याचा मोह होतो. उलट करा: अर्ज भरणाऱ्याला पूर्ण पाळी द्या, आणि त्या दिवशी बाकीच्या वापराचं बुकिंगच घेऊ नका. अर्धवट भरलेल्या अर्जावरून उठवलेला माणूस पुन्हा रांगेत येतोच.

भाऊ, बहीण आणि आई यांच्या तीन कार्डांवर एकच मुलगा सलग तीन पाळ्या बसतो, हे सॉफ्टवेअरनं सुटणार नाही. काउंटरवरच्या माणसाला चेहरे माहीत असतात. त्यानं बोलावं, एवढंच.

आधीच्या माणसाचं उरलेलं

पाळी संपल्यावर संगणक नुसता कुलूपबंद होतोय की आधीच्याचं सगळं मिटवतोय, हे एकदा स्वतः बसून पाहा. क्रोमच्या पाहुण्या खात्यात सगळ्या खिडक्या बंद केल्यावर इतिहास आणि लॉगिन जातं, पण डाउनलोड फोल्डरमधल्या फाइली तशाच राहतात. तिथे ई-आधारच्या पीडीएफ सापडतात, आणि त्यांचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, म्हणजे ओळखीच्या माणसाला तो माहीतच असतो. दोन पाळ्यांच्या मध्ये यंत्र रीस्टार्ट होईल अशी सेटिंग ठेवा. दोन मिनिटं जातात, पण ती पाळीच्या हिशेबातच धरा. कोणी व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवून गेलं असेल तर त्याला घरूनच फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते बंद करता येतं, अशा फोनला उत्तर देताना ‘परत या’ म्हणू नका.

2011चे सायबर कॅफेंसाठीचे नियम वापरणाऱ्याची ओळख तपासायला आणि नोंदी किमान 1 वर्ष जपायला सांगतात. तुमच्या ग्रंथालयाला ते कसे लागू करायचे हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या. नोंद ठेवणार असाल तर ती सभासद क्रमांकावर ठेवा, आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा कपाटात साठवू नका. आणि चुकलेल्या घड्याळावरून ठेवलेल्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली परवडली, कारण अकरा वाजता बसलेल्या भलत्याच माणसाचं नाव त्यात निघतं. उद्याच्या बुकिंगची यादी ग्रुपवर टाकायची सवय असेल तर त्यात वेळ आणि सभासद क्रमांक एवढंच टाका. नाव आणि मोबाइल नंबर असलेला वहीचा फोटो टाकला की त्या दिवसापासून मुलींना अनोळखी फोन यायला लागतात.